सह्याद्रीतील भूस्खलन

सह्याद्रीतील भूस्खलन म्हणजे महाराष्ट्रातील सह्याद्री पर्वतरांगेत, मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात, डोंगरउतारावरील माती, मुरूम, दगडगोटे किंवा खडक गुरुत्वाकर्षणामुळे खाली घसरण्याची अथवा कोसळण्याची घटना होय. बोलीभाषेत या घटनेस 'दरड कोसळणे' असे म्हणतात. नाशिकपासून पुणे, रायगड, सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर व सिंधुदुर्गपर्यंतच्या डोंगराळ तालुक्यांत अशा घटना वारंवार घडतात. पुणे जिल्ह्यातील माळीण (२०१४), रायगड जिल्ह्यातील तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) येथील दुर्घटनांत मोठी जीवितहानी झाली. तिन्ही ठिकाणी संततधार पावसानंतर वस्तीच्या वरचा उतार अल्पावधीत खाली आला. मात्र तिन्ही ठिकाणच्या पावसाचे प्रमाण सारखे नव्हते. त्यामुळे केवळ पावसाच्या आकड्यावरून दरडीचा धोका सांगता येत नाही. जमिनीत आधी किती पाणी मुरले आहे आणि त्या विशिष्ट उताराची स्थिती काय आहे, हेही तितकेच महत्त्वाचे ठरते.

संज्ञा व प्रकार

भूशास्त्रात 'भूस्खलन' ही व्यापक संज्ञा आहे. सह्याद्रीत तिचे साधारणपणे चार प्रकार आढळतात.

खडक कोसळणे : कड्यावरील भेगाळलेला बेसाल्ट सुटून खाली पडतो. घाटरस्ते व लोहमार्ग यांवर हा प्रकार नेहमी दिसतो. बोरघाट, ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, माळशेज या घाटांत आणि पुणे शहरानजीक सिंहगडाच्या घाटरस्त्यावर पावसाळ्यात दगड येण्याच्या घटना घडतात.

राडारोड्याची घसरण : खडकावर साचलेला माती-मुरुमाचा थर त्याच्यावरील झाडांसह व शेतांसह खाली सरकतो.

चिखलराड्याचा प्रवाह : घसरलेल्या मातीत भरपूर पाणी मिसळल्यास ती ओढ्याच्या किंवा घळीच्या वाटेने द्रवाप्रमाणे वाहू लागते. हा प्रकार सर्वांत घातक मानला जातो. कारण त्याचा वेग मोठा असतो आणि तो उताराच्या पायथ्यापासून दूरवरच्या घरांपर्यंत पोहोचू शकतो.

जमीन खचणे : उतारावर लांब भेगा पडून जमिनीचा एखादा भाग हळूहळू खाली बसतो. यात तत्काळ जीवितहानी होतेच असे नाही, परंतु पुढील मोठ्या घसरणीची ही पूर्वसूचना असू शकते.

भूरचना

सह्याद्रीचा महाराष्ट्रातील भाग प्रामुख्याने दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा बनलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून लाव्हाचे थर एकावर एक पसरले व त्यांतून हा प्रदेश तयार झाला. ताजा बेसाल्ट अतिशय कठीण असतो. परंतु ऊन-पावसाच्या दीर्घकालीन माऱ्याने त्याचा वरचा भाग कुजून मुरूम व माती तयार होते. अधिक पावसाच्या पठारी भागात जांभा खडक आढळतो. दोन लाव्हाथरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या, मातीसारख्या मऊ पदार्थाचा पातळ पट्टा असतो. त्यास 'लाल बोल' म्हणतात.

या रचनेमुळे पाण्याचा प्रवास विषम होतो. सच्छिद्र माती व मुरूम यांतून पाणी झपाट्याने खाली जाते. अखंड खडक लागला की ते अडते आणि खडकाच्या पृष्ठभागावरून उताराच्या दिशेने झिरपू लागते. खडकातील उभ्या सांध्यांतून शिरलेले पाणी मऊ थराशी पोहोचल्यावर तो थर फुगतो व निसरडा होतो. कठीण खडक व सैल माती यांची ही सीमाच बहुतेक वेळा घसरणीची पातळी ठरते.

सह्याद्रीची पश्चिम बाजू कोकणाकडे सरळ कड्यांनी उतरते, तर पूर्वेकडील बाजू लांब सोंडा व दऱ्या यांनी पठाराला मिळते. कड्यांच्या पायथ्याशी शतकानुशतके साचलेल्या दगडमातीच्या उतारांवर पाणी मिळते, माती खोल असते व शेती करता येते. म्हणून वाड्या-वस्त्या तेथेच वसल्या. वस्तीला आधार देणारी ही जमीन मुळात पूर्वीच्या घसरणींतूनच साचलेली असण्याची शक्यता असते.

कारणे व प्रक्रिया

उतारावरील मातीला दोन बळे विरुद्ध दिशांनी खेचत असतात. गुरुत्वाकर्षण तिला खाली ओढते, तर कणांमधील घर्षण, चिकटपणा आणि झाडांची मुळे तिला धरून ठेवतात. पावसामुळे या समतोलात दोन प्रकारे बदल होतो. पहिला, मातीत पाणी भरल्याने तिचे वजन वाढते. दुसरा व अधिक निर्णायक बदल म्हणजे कणांमधील पोकळ्यांत पाण्याचा दाब निर्माण होतो. हा दाब कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो, त्यामुळे त्यांच्यातील घर्षण घटते. खाली ओढणारे बळ धरून ठेवणाऱ्या बळापेक्षा जास्त झाले की उतार निसटतो.

नैसर्गिक कारणांना मानवी कारणांची जोड मिळते. रस्त्यासाठी किंवा घर बांधण्यासाठी उताराचा पायथा तोडल्यास वरच्या मातीचा आधार जातो. नैसर्गिक ओहोळ बुजवल्यास पाणी वाहून जाण्याऐवजी मुरते. खाणकाम, वृक्षतोड आणि यंत्रांनी केलेले जमिनीचे सपाटीकरण यांमुळेही उतार दुर्बल होतो. झाड तोडल्यानंतर त्याची मुळे काही वर्षांनी कुजतात. त्यामुळे वृक्षतोडीचा परिणाम लगेच न दिसता काही पावसाळ्यांनंतर दिसू शकतो.

अतिवृष्टीनंतरचा धोक्याचा काळ

भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पाऊस 'जोरदार', ११५.६ ते २०४.४ मिमी 'अतिजोरदार' आणि २०४.५ मिमी व त्याहून अधिक पाऊस 'अत्यंत जोरदार' मानला जातो. दरडींचा धोका या वर्गवारीशी निगडित असला तरी तिच्याशी एकरूप नाही. माळीण येथील दुर्घटनेच्या आदल्या दिवशीच्या पावसाची नोंद सुमारे १०८ मिमी सांगितली जाते. म्हणजे तो पाऊस 'जोरदार' या सर्वांत खालच्या वर्गातच मोडतो. याउलट घाटमाथ्यावर दिवसाला ३०० मिमीहून अधिक पाऊस होऊनही अनेक उतार स्थिर राहतात.

हा फरक पूर्वसंचित पाण्यामुळे व स्थानिक रचनेमुळे पडतो. जून महिन्यात कोरडी जमीन पहिला पाऊस शोषून घेते. जुलैच्या उत्तरार्धापर्यंत ती संपृक्त झालेली असते आणि त्यानंतर तुलनेने कमी पाऊसही पुरेसा ठरतो. महाराष्ट्रातील अनेक मोठ्या दुर्घटना १९ ते ३० जुलै या दिवसांत घडल्या, हे या दृष्टीने लक्षणीय आहे. पाऊस थांबला की धोका टळला, हा समज चुकीचा आहे. खोलवर मुरलेले पाणी घसरणीच्या पातळीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. त्यामुळे पाऊस ओसरल्यानंतरही काही तास, कधी काही दिवस, उतार अस्थिर राहू शकतो. एकदा दरड कोसळलेल्या ठिकाणी वरचा उघडा पडलेला भाग पुन्हा खाली येण्याची शक्यता असते. बचावकार्यातील हा एक प्रमुख धोका आहे.

पर्जन्यमानातील स्थानिक फरकही मोठा असतो. पुणे शहर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असून तेथील वार्षिक सरासरी पाऊस ७०० ते ८०० मिमीच्या आसपास आहे. घाटमाथ्यावरील महाबळेश्वरात तो ५,००० मिमीहून अधिक असतो. २५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत पुण्यातील शिवाजीनगर येथे सुमारे ११४ मिमी पाऊस नोंदला गेला, तर त्याच जिल्ह्यातील ताम्हिणी येथे तो ५५६ मिमी होता. शहरातील पावसावरून घाटातील स्थितीचा अंदाज बांधणे किती फसवे ठरू शकते, हे यावरून दिसते.

हिमस्खलनाशी तुलना

सह्याद्रीत बर्फ पडत नाही. तरीही हिमालयातील वादळानंतरचे हिमस्खलन आणि येथील दरडी यांच्या यंत्रणेत साम्य आहे. हिमवादळात जुन्या बर्फावर नव्या बर्फाचा भार पडतो. जुन्या बर्फात एखादा कमकुवत थर दडलेला असल्यास वरचा संपूर्ण पापुद्रा त्यावरून सरकतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हा धोका सर्वाधिक असतो आणि वादळ शमल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस विशेष जोखमीचे मानले जातात. आकाश निवळल्याने माणसे बाहेर पडतात, पण बर्फाचा थर अजून स्थिरावलेला नसतो.

दोन्ही घटनांत वाढलेला भार, दडलेली कमकुवत पातळी आणि वादळानंतर रेंगाळणारा धोका हे घटक समान आहेत. मुख्य फरक असा की, हिमस्खलनाच्या प्रदेशात बर्फाच्या थरांची खड्डा खणून तपासणी करण्याची व धोक्याची श्रेणी जाहीर करण्याची परंपरा आहे. युरोपात १९९३ पासून पाच श्रेणींची समान मापनपद्धती वापरली जाते. भारतात संरक्षण संशोधन व विकास संघटनेची चंडीगढ येथील संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. डोंगरी वाडीच्या वरच्या उताराची अशी नियमित तपासणी सह्याद्रीत अद्याप सार्वत्रिक झालेली नाही.

प्रमुख घटना

भाजे, १९८९ : जुलै १९८९ मध्ये पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भाजे गावावर दरड कोसळून तीसहून अधिक ग्रामस्थ मृत्युमुखी पडले.

महाड परिसर, २००५ : २५ व २६ जुलै २००५ रोजीच्या अतिवृष्टीत रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. याच पावसात मुंबईतील सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला. मुंबईतील पुरामुळे महाड परिसरातील या घटनांकडे राज्याचे लक्ष तुलनेने कमी गेले.

माळीण, २०१४ : ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा मोठा भाग कोसळला. डिंभे धरणाच्या जलाशयानजीकच्या दरीत वसलेल्या या गावात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती होती. चाळीसहून अधिक घरे गाडली गेली. नेहमीप्रमाणे आलेल्या एस.टी. बसच्या चालकास गाव जागेवर दिसले नाही आणि त्याच्यामार्फत ही बातमी बाहेर पोहोचली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने ढिगाऱ्यातून एका तान्ह्या बाळासह त्याच्या आईची सुटका केली. सुमारे आठवडाभर चाललेल्या शोधकार्यात १५१ मृतदेह सापडले. उतारावरील शेतीसाठी केलेले सपाटीकरण, वृक्षतोड आणि उताराची नैसर्गिक दुर्बलता यांपैकी कोणत्या घटकाचा किती वाटा, याविषयी तज्ज्ञांत मतभेद झाले.

तळिये व परिसर, २०२१ : २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावाच्या कोंडाळकरवाडीवर दरड कोसळून ८० हून अधिक लोकांचा मृत्यू झाला. पुरामुळे रस्ते बंद असल्याने मदत पोहोचण्यास विलंब झाला. त्याच काळात सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे तसेच रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील पोसरे येथेही जीवितहानी झाली. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वर येथे सुमारे ५९४ मिमी पावसाची नोंद झाली होती.

इर्शाळवाडी, २०२३ : १९ जुलै २०२३ रोजी रात्री रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी असलेल्या इर्शाळवाडी या ठाकर आदिवासींच्या वाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. बचाव पथकांना अंधारात व पावसात डोंगर चढून जावे लागले. वर चढताना एका अग्निशमन अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. यंत्रे नेता न आल्याने माती कुदळ-फावड्यांनी उपसावी लागली. २७ मृतदेह मिळाले व ५७ जण बेपत्ता राहिले. चौथ्या दिवशी शोधकार्य थांबवण्यात आले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे राज्य सरकारने स्पष्ट केले.

पूर्वलक्षणे

उतार कोसळण्यापूर्वी अनेकदा काही चिन्हे दिसतात. पुढील लक्षणे विशेष महत्त्वाची मानली जातात :

१. उतारावर, शेताच्या बांधावर किंवा अंगणात नव्या भेगा पडणे व त्या रुंदावत जाणे.
२. घराच्या भिंतींना तिरके तडे जाणे. दारे-खिडक्या अचानक घट्ट बसणे.
३. झाडे, विजेचे खांब किंवा कुंपण एका बाजूस कलणे.
४. पूर्वी नसलेल्या ठिकाणी झरे फुटणे, किंवा नितळ झऱ्याचे पाणी गढूळ होणे.
५. पाऊस चालू असताना ओढ्याचे पाणी एकाएकी कमी होणे. वरच्या बाजूस दरडीने ओढा अडल्याचे हे लक्षण असू शकते; तो बांध फुटल्यास लोंढा येतो.
६. डोंगरातून घरघर किंवा दगड आपटल्याचा आवाज येणे.

अशी चिन्हे दिसल्यास उतार, घळ व ओढ्याची वाट सोडून आडव्या दिशेने सुरक्षित जागी जाणे आणि शेजाऱ्यांना व तहसील कार्यालयाला कळवणे आवश्यक असते. भेगांत पाणी शिरू नये म्हणून त्या मातीने बुजवणे व वरच्या बाजूस चर खणून पाणी वळवणे हे उपाय पावसाळ्यापूर्वी करायचे असतात. मुसळधार पावसात भेगेजवळ जाणे धोक्याचे ठरते.

पूर्वानुमान व प्रतिबंध

माळीण दुर्घटनेच्याच वर्षी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने देशभरातील भूस्खलनप्रवण क्षेत्रांचे नकाशे तयार करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. या विभागाच्या राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्राचे उद्‌घाटन जुलै २०२४ मध्ये कोलकाता येथे झाले. भारतीय हवामान विभाग पुणे, सातारा, कोल्हापूर व नाशिक या जिल्ह्यांच्या घाट क्षेत्रांसाठी पावसाचे इशारे स्वतंत्रपणे देतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुणे जिल्ह्यातील तळेगावजवळ सुदुंबरे येथे असून पश्चिम महाराष्ट्र व कोकणातील दुर्घटनांत ती कार्यरत असते.

पश्चिम घाटाच्या संरक्षणासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये, तर के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २०१३ मध्ये अहवाल सादर केला. तीव्र उतारांवरील बांधकाम व खाणकाम यांवर मर्यादा घालण्याची शिफारस त्यांत आहे. पुणे शहरातही १:५ पेक्षा तीव्र डोंगरउतारांवर बांधकामास मनाई आहे. शहरालगतच्या टेकड्यांवरील अतिक्रमणाच्या चर्चेत हा नियम नेहमी उल्लेखिला जातो.

नकाशांची एक मर्यादा आहे. ते मोठ्या क्षेत्राची सर्वसाधारण प्रवणता दाखवतात. एका वाडीच्या माथ्यावरील भेग त्यांत दिसत नाही. इर्शाळवाडीने ही उणीव ठळक केली. म्हणून पावसाळ्यापूर्वी व मोठ्या पावसानंतर उतारांची प्रत्यक्ष पाहणी, गावपातळीवर पर्जन्यमापक बसवणे आणि ग्रामस्थांना पूर्वलक्षणांचे प्रशिक्षण देणे हे उपाय नकाशांना पूरक म्हणून सुचवले जातात.

पुनर्वसन

माळीणच्या वाचलेल्या कुटुंबांसाठी जवळच्या आमडे येथे नवे गाव उभारण्यात आले व २ एप्रिल २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले. त्याच वर्षी जूनमधील पहिल्या मोठ्या पावसात तेथील भराव खचला व रस्त्यांना तडे गेले. रहिवाशांत पुन्हा भीती पसरली आणि नंतर दुरुस्तीची कामे करावी लागली. सुरक्षित जागा निवडली तरी सपाटीकरण, भराव आणि पाण्याचा निचरा यांत त्रुटी राहिल्यास नवा धोका निर्माण होतो, हे या अनुभवातून दिसले. इर्शाळवाडीच्या रहिवाशांचे पुनर्वसन पायथ्याच्या चौक परिसरात करण्यात आले.

धोकादायक वस्त्यांचे आगाऊ स्थलांतर हा सर्वांत परिणामकारक, परंतु सर्वांत अवघड उपाय आहे. डोंगरावरील कुटुंबांची भातखाचरे, नाचणी-वरईची शेती, गुरे आणि वनोपज यांवरील उपजीविका त्या जागेशी बांधलेली असते. देवस्थाने व पूर्वजांच्या आठवणीही तेथेच असतात. सपाटीवर घर मिळाले तरी शेत दूर पडते. वनजमिनीच्या परवानग्या व पर्यायी जागेचा अभाव यांमुळेही विलंब होतो. पावसाळ्यापुरते तात्पुरते निवारे हा मधला मार्ग काही ठिकाणी अवलंबला जातो. तो यशस्वी होण्यासाठी निवाऱ्यात गुरांची सोय असणे आणि पाऊस ओसरताच घाईने परत न जाणे, या दोन बाबी आवश्यक ठरतात.

पर्यटन व गिर्यारोहण

पावसाळ्यात लोणावळा, मुळशी, ताम्हिणी, वेल्हे व भीमाशंकर परिसरात पुणे-मुंबईहून मोठ्या संख्येने पर्यटक व गिर्यारोहक येतात. अतिवृष्टीचा इशारा असताना जिल्हा प्रशासन धबधबे, गड व घाट यांवर प्रवेशबंदी लागू करते. इशारा मागे घेतल्यानंतरचे एक-दोन दिवसही कड्यांखालच्या वाटा, घळी आणि ताज्या माती-दगडांनी झाकलेले रस्ते टाळणे इष्ट असते. घाटात वाहन कड्याच्या बाजूस उभे करणे, तसेच पडलेली दरड पाहण्यासाठी तिच्याजवळ थांबणे, हे अपघातांना निमंत्रण ठरते.